रणशिंग खुंटीवर, चहा उंबऱ्यावर

मी सिरवाण गावचं रणशिंग बोलतोय. कानात बोटं घालू नका. वाजत नाही, नुसता बोलतोय. वाजायला अजून अवकाश आहे. किती, ते मला विचारू नका. उंबऱ्याबाहेर जबरसिंह रावत उभा आहे, त्याच्या हातातल्या चहाच्या पेल्याला विचारा.

खाली पाण्याच्या धारेपाशी त्याच्याच लेकीची वरात येऊन टेकली आहे. नवरदेवाची पगडी भारी, त्याची मान अवघडली आहे. नवरदेवाचा आजोबा दगडावर काठी आपटतोय. वर रावतांच्या अंगणात पंगतीचा भात वाफ धरून बसलाय. पण आमच्या गावात वाजंत्री पुढे चालल्याशिवाय वरात धार ओलांडत नाही. वाजंत्री म्हणजे ढोल आणि मी. ढोल कोपऱ्यात, मी खुंटीवर. आणि खुंटीखाली सुरमा, कमरेला पटका कसून, हाताची घडी घालून उभी.

पेल्यातून वाफ येतेय. जबरसिंह पीत नाही.

त्याचं ठरेपर्यंत माझी हकीकत ऐका. चहा निवायच्या आत संपवतो. मी बढाया मारतो असं लोक म्हणतात. पण परमेश्वरानं तोंडच एवढं मोठं दिलं, तर बारीक बोलू कसं?

माझं तांबं एका हंड्याचं. त्या हंड्यात राजाच्या फौजेचा भात शिजायचा, असं मला घडवणारा तांबट सांगायचा. गावातले म्हातारे म्हणतात, राजाबिजा काही नाही, गावजेवणाचा हंडा होता, बूड गेलं म्हणून मोडीत काढला. मी राजाची गोष्ट धरून आहे. तांबटानं पत्रा ठोकून ठोकून दोन चंद्रकोरी वळल्या, एक वर एक खाली, मध्ये सांधा. जोडल्यावर मी असा दिसलो की तांबटाची बायको नाग समजून दूध घेऊन आली. मी दूधही सोडलं नाही.

मला पहिल्यांदा फुंकलं बचनू दासानं. त्या वेळी समोरच्या डोंगरावर एक बिबट्या बकरीवर झेप घालत होता. माझा आवाज गेला आणि बिबट्या हवेतच थबकला. बकरी खालून निघून गेली, दुसऱ्या कुरणात चरून आली, तरी हा अजून हवेतच. खोटं वाटत असेल तर बकरीच्या नातवंडांना विचारा, ती अजून तिथंच चरतात.

बचनू दास वाजवणारा. आमच्या डोंगरात वाजवणारे सगळे दासच. त्यांची घरं गावाच्या खाली, उताराला. रावतांची घरं वर, देवळाभोवती, देवदाराच्या लाकडाची, कोरीव सज्ज्यांची, पाटीच्या दगडांच्या छपराची. देवाची पालखी आमच्या ढोलाशिवाय जागची हलत नाही. देव आमच्या तालावर नाचतो, घुमतो, घाम गाळतो. नाच संपला की देव आत आणि दास बाहेर. मला मात्र आत नेतात. कुंकू लावतात, ओवाळतात. वरची म्हातारी माणसं माझ्यावर डोकं टेकतात. ज्या तोंडानं मी वाजतो ते तोंड पायरीखाली आणि मी गाभाऱ्यात, हे गणित मला कधी सुटलं नाही. तांब्याचं डोकं माझं, त्यात पोकळ.

आता गावची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सिरवाणला कोणी पाहुणा आला, वरात आली, दुसऱ्या गावचा देव आला, की ढोल आणि रणशिंग धारेपाशी सामोरं जातात. पाहुणा मागे, आम्ही पुढे. ज्या उंबऱ्यासमोर मी शेवटची लांब हाक देतो आणि ढोलावर मिटती थाप पडते, तो उंबरा त्या पाहुण्याचा. मग घरमालक नाही म्हणू शकत नाही आणि पाहुणाही उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. गेला तर देवाचा अपमान.

एकदा सारा वसूल करणारा मोठा अंमलदार आला होता. त्याला वरच्या सगळ्यात मोठ्या घरी न्यायचं होतं. बचनूनं सकाळपासून घेतलेली होती. तो चालता चालता एका विधवा रावतीणीच्या पडक्या घरासमोर धडपडला आणि धडपडता धडपडता मला जी फुंक बसली ती नेमकी शेवटची हाक. ढोलवाल्यानं सवयीनं थाप मारली. झालं. अंमलदार तीन दगडांच्या चुलीवरची खाजकुयलीसारखी आग करणारी कंडाळीची भाजी खात त्या घरी राहिला. वरच्या घरी मारलेला बोकड तसाच. कोणी चकार शब्द काढला नाही. रीत ती रीत. दारूच्या धडपडीलाही रीतीनं मान दिला, हे लक्षात ठेवा.

मग वाईट काळ आला. पोरं खाली मैदानात गेली, कोणी हॉटेलात, कोणी मिलमध्ये, कोणी फौजेत. वरच्या घरांना कुलपं लागली. लग्नं तालुक्याला होऊ लागली, तिथं एका पेटीतून दहा गाणी बाहेर पडतात आणि एकही माणूस घामाघूम होत नाही. माझे दोन तुकडे वेगळे झाले. वरच्या कोरीतून रॉकेल ओतायचे. खालच्या, रुंद तोंडाच्या कोरीत एक कोंबडी अंडी उबवायला बसली. तिचा एक कोंबडा पुढे असा आरवायचा की तीन गावं पहाटेआधीच उठून बसायची आणि पहाट होईना म्हणून एकमेकांशी भांडायची. हे माझं श्रेय. पण मन लागत नव्हतं. रणशिंगाला रॉकेलचा वास आला की समजायचं, गाव संपत आलं.

मग जबरसिंह आला.

खरं तेच बोलेन. हा माणूस फौजेतून हवालदार होऊन परतला आणि त्यानं गाव पुन्हा उभं केलं. एक हॉटेलवाला मोठ्या गाडीतून जमीन विकत घ्यायला आला होता, त्याला जबरसिंहानं धारेपासूनच परत पाठवला. म्हणाला, "पाहुणे येऊ देत की! पण ते आमच्या घरी राहतील, आमच्या चुलीवरचं जेवतील. मूठभर माती विकणार नाही." कुलपं उघडली. कुजलेले सज्जे उतरवून देवदाराचे नवे कोरले. बायकांनी रजया भरल्या. समिती झाली, घरोघरी पाळ्या लागल्या, एकाची पाळी दुसऱ्यानं खायची नाही. समितीचा नियम एकच आणि चांगला: नव्या घरी समितीचे लोक जातील, आत बसून चहा पितील, एक जेवण जेवतील, मग ते घर पाळीत. त्यालाच 'घर पास होणं' म्हणतात.

आणि त्यानंच माझे दोन्ही तुकडे शोधून, राखेनं घासून, सांधा भरून घेतला. धारेपाशी मोठा फलक लावला. त्यावर माझं चित्र. चित्रात मी जरा जाड दिसतो, पण असू दे. खाली लिहिलं, 'आमच्या गावात रणशिंग थांबेल तो पाहुण्याचा उंबरा. देवाची आज्ञा.' पाहुणे त्या ओळीचे फोटो काढायचे. जबरसिंह हात मागे बांधून उभा राहायचा आणि दरवेळी नव्यानं तो नियम सांगायचा, जणू देवानं त्याच्या एकट्याच्या कानात सांगितलाय.

आमची हाक मात्र कुठं थांबायची ते समिती आधीच सांगायची. आज अमक्याची पाळी, तिथं थांबा. आम्ही थांबायचो. खालच्या वस्तीत कधीच थांबलो नाही.

बचनूचा नातू गुलाबू दास ढोल वाजवतो. त्याची सून सुरमा. तिचा नवरा देहरादूनला हॉटेलात आचारी आहे. लोकांच्या पाहुण्यांसाठी परमुलखात पोळ्या लाटतो. सुरमानं ठरवलं, आपलंही घर पाळीत लावायचं. पाळी लागली तर नवरा घरी येऊन आपल्याच चुलीवर आपल्याच पाहुण्यांसाठी लाटेल. तिनं दोन पावसाळे खपून खोली बांधली. भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या, संडास बांधला, खिडकी उत्तरेला ठेवली. त्या खिडकीतून बर्फाचं शिखर असं दिसतं की पाहुण्यानं पांघरुणातून पायही काढू नये. वरच्या घरांच्या खिडक्यांपुढे देवळाचा कळस येतो. देवानं कुठं तरी भरपाई केलीच म्हणायची.

मग ती समितीला बोलवायला गेली. मी तेव्हा वरच होतो, देवळात, आणि ती पायरीखाली.

"ठाकूर, खोली झाली. चहाला या सगळे."

जबरसिंह हसून म्हणाला, "येणार, येणार. आत्ता सफरचंदाचा हंगाम आहे."

सफरचंदं उतरली. ती पुन्हा गेली.

"येणार गं. आता थंडी आहे, उतार घसरतो."

"ठाकूर, त्याच उतारावरून रोज ढोल चढतो."

"तुझी जीभ तिखट आहे. पाहुण्यांना झेपेल का?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तुमचा मान सगळ्यात मोठा. तुमच्याशिवाय एक पाहुणा गावात शिरत नाही. कला तुमची, पाहुणे आमचे. असं ठरलेलंच आहे ना? कशाला वाकडं करायचं?"

सुरमा म्हणाली, "कोणी ठरवलं?"

देवळाच्या एवढ्या मोठ्या अंगणात माझ्याखेरीज कोणी हा प्रश्न ऐकलासुद्धा नाही, अशा चेहऱ्यानं सगळे उभे होते.

मला फुंकणारा गुलाबूचा पुतण्याही त्या थंडीत मैदानात निघून गेला. ढोल राहिला, रणशिंग मुकं झालं. नव्या हंगामाचे पहिले पाहुणे यायचे होते. फलकावर माझं चित्र एवढं मोठं आणि प्रत्यक्षात नुसता ढोल! जबरसिंहाची झोप उडाली. एका दुपारी तो गुलाबूच्या अंगणात आला. अंगणात हं, उंबऱ्याच्या आत नाही.

"आण इकडे ते रणशिंग. फौजेत बिगुल वाजवलाय मी."

त्यानं माझं तोंड गंगाजलानं धुतलं, रुमालानं पुसलं, इकडे तिकडे पाहिलं आणि ओठ लावले. गाल फुगवले. डोळे बाहेर आले. माझ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली आणि रेडकू कुठं पडलं म्हणून मागे वळून बघायला लागली. गुलाबूनं तोंडावर हात धरला. सुरमानं धरला नाही.

"हसतेस काय? तू फुंकून दाखव!"

सुरमानं मला घेतलं.

इथं एक सांगायचं राहिलं. घरात कोणी नसताना ती मला खुंटीवरून काढायची, हे आधी फक्त मला आणि म्हशीला ठाऊक होतं. पहिल्यांदा गुलाबूनं ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "बायका रणशिंग फुंकत नाहीत गं!" ती म्हणाली, "सौरजी, चूल कोण फुंकतं? ओल्या लाकडाची, पावसाळाभर?" सासऱ्यानं गुपचूप ढोलाची दोरी कसायला घेतली. खरंच सांगतो, बचनूनंतर अशी छाती मला मिळाली नव्हती. चीडाच्या झाडाच्या ओल्या लाकडानं ती तयार केली होती.

तिनं फुंकलं. रावतांच्या सज्ज्यांवरची वाळत घातलेली मिरची उडून परत आपापल्या जागी बसली. जबरसिंहाची टोपी गेली ती सोडा, ती नंतर नेपाळात सापडली म्हणतात.

त्यानं उघडं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "फोटोत बरं दिसेल. बाई आणि रणशिंग. लोकांना आवडेल."

आणि तो हंगामाचा पहिला दिवस आला.

पाहुणे होते लाहिरीबाबू आणि लाहिरीबाई, कलकत्त्याचे. ऊन लख्ख, तरी बाबूंच्या डोक्यावर माकडटोपी, त्यावर मफलर. रस्ता संपतो तिथून धारेपर्यंत चढताना त्यांचे गुडघे इतके बोलत होते की ढोलाला ताल सापडेना. पाळी खुद्द जबरसिंहाची. त्यानं फलकापाशी नियम सांगितला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. लाहिरीबाईंनी तो टिपून घेतल्यासारखा मोठ्यानं परत म्हटला. "म्हणजे रणशिंग थांबेल तेच आमचं घर? दुसरं कुठलं नाही?"

"दुसरं कुठलं नाही, माताजी. देवाची आज्ञा."

बिचारा.

आम्ही निघालो. पुढे सुरमा, तिच्या खांद्यावर मी, मागे गुलाबू, मागे माकडटोपी. वरची वस्ती आली. जबरसिंहाच्या अंगणात त्याची बायको ताट घेऊन उभी, समितीचे लोक हार घेऊन. उंबरा समोर. माझी शेवटची हाक इथं यायची होती.

सुरमानं श्वास भरला. मी वाट पाहिली. तिनं चालतीच हाक दिली, आणि पाऊल पुढे टाकलं.

आता सगळं गुलाबूच्या हातात होतं. मिटती थाप मारली की संपलं. मारायला टिपरू उचललेलंही होतं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या दारात मिटती थाप मारली होती. त्याच्या बापानं मारली, बचनूनं शेवटची हाक दिली. टिपरू हवेत राहिलं, त्या बिबट्यासारखं. जबरसिंह दातांतल्या दातांत म्हणाला, "गुलाबू, इथं! अरे इथं!"

गुलाबूनं त्याच्याकडे पाहिलं. मग सुनेच्या पाठीकडे पाहिलं. आणि टिपरू खाली आलं ते चालत्या तालावर.

माझ्या अंगातून जे काही गेलं ते मी सांगू शकत नाही, आणि मी सगळं सांगू शकतो.

"अरे, पुढे कुठं चालला? पाय घसरला का तुमचा? थांबवा त्यांना!" हार घेतलेले मागून धावतायत, आम्ही उताराला लागलो. वरच्या बायका सज्ज्यांत आल्या. खालच्या वस्तीतली माणसं दारात आली आणि पुन्हा आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. सुरमाच्या उंबऱ्यासमोर आम्ही थांबलो. तिनं जी हाक दिली, लांब, वर चढत चढत जाऊन तुटणारी, ती समोरच्या शिखरावर आदळून परत आली तेव्हा बर्फ घेऊन आली. गुलाबूची थाप पडली.

जबरसिंह धापा टाकत म्हणाला, "माताजी, चूक झाली. नवी बाई आहे, तिला कळलं नाही. घर वर आहे."

लाहिरीबाईंनी चष्मा पुसला. "पण थांबेल तेच घर ना? देवाची आज्ञा?"

"हो, पण..."

"देव चुकला का?"

तेवढ्यात लाहिरीबाबू सुरमाच्या ओट्यावर बसले आणि बूट काढू लागले. "देवाचं तुम्ही बघा," ते म्हणाले, "हे गुडघे आता वर चढणार नाहीत. पुढच्या जन्मी बघू."

ते चार दिवस राहिले. माशाशिवाय जेवणाला जेवण न म्हणणाऱ्या बाबूंनी मंडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन राजमा खाल्ला आणि वर कंडाळीची भाजी मागून घेतली. लाहिरीबाई आमच्या म्हाताऱ्याला 'गुलाबूबाबू' म्हणायच्या. त्या गेल्यावर तो तीनदा घराला वळसा घालून आला आणि प्रत्येक वेळी दारात थांबून म्हणाला, "काय म्हणाल्या त्या, सुरमा?" ती सांगायची, "गुलाबूबाबू म्हणाल्या, सौरजी." मग तो पुन्हा निघायचा.

वरच्या वस्तीत मात्र वाटलं तेवढं सोपं नव्हतं. समिती बसली. म्हणाली, झालं ते झालं, पण ते घर पास नाही, समितीनं तिथं चहा घेतलेला नाही. कलकत्त्याहून माणसं विचारू लागली, रणशिंगवाल्या बाईंचं घर द्या. उत्तर जायचं, ते घर यादीत नाही. फलकावरची देवाची आज्ञा कोणीतरी रंगानं पुसली आणि त्या जागी लिहिलं, 'स्वच्छता राखा.' माझं चित्र तसंच ठेवलं. दुकानातलं तेल संपायला लागलं, पण सुरमा गेली तरच. पीठ दळायची चक्की तिला पाहूनच बिघडायची. तिचा नवरा एकदा येऊन गेला. डाळीला फोडणी देता देता म्हणाला, "चल माझ्याबरोबर देहरादूनला. इथं काय राहिलंय?" ती म्हणाली, "खोली बांधलीय मी. पाळी लागली की तूच ये."

आणि तिनं मला खुंटीवर टांगलं. गुलाबूनं ढोल कोपऱ्यात ठेवला. देवाची पालखी उठली तेव्हा आम्ही वाजलो, देवाशी आमचं भांडण नाही. पण पाहुण्यांना, वरातींना, मंत्र्याबिंत्र्यांना, कोणालाच नाही. "कला आमची," सुरमानं निरोप पाठवला, "तर ती कधी वाजेल तेही आमचं."

जबरसिंहानं लेकीच्या लग्नाला तालुक्याहून बँड आणला. लाल कोट, पितळी बटणं. आज दुपारी तो धारेपाशी वाजलाही. पण नवरदेवाच्या आजोबांनी काठी आडवी धरली. "बँड आमच्याकडेही मिळतो. सिरवाणच्या धारेवर सिरवाणचं रणशिंग सामोरं येतं. तुमच्या फलकावर काढलेलं आहे एवढं! आम्हाला तेवढंही मोजत नाही काय तुम्ही? ती फुंकणारी बाई कुठे आहे?"

जबरसिंहानं आधी दोन माणसं पाठवली. ती परत गेली. मग स्वतः आला, लग्नाची पगडी घालून, उन्हं कलताना.

"गुलाबू, चल. ऊठ. लग्नघर आहे."

गुलाबू चुलीपाशी बसून राहिला. "सुनेला विचारा, ठाकूर. रणशिंग तिचं."

"सुरमा, भांडण नंतर करू. पोरीच्या लग्नात नको. तू पण कोणाची तरी लेक आहेस."

"म्हणूनच चहा ठेवलाय," सुरमा म्हणाली आणि पेला त्याच्या हातात दिला. "आत या. बसून प्या. समितीचा नियम आहे."

"लग्न झाल्यावर सगळे येऊ..."

"सफरचंदं दोनदा उतरली, बोडाजी."

बोडाजी म्हणजे मोठे काका. खालच्या वस्तीतून वरच्या माणसाला हा शब्द आजवर गेला नव्हता. तो पगडीत अडकल्यासारखा जबरसिंहाच्या डोक्यावर बसला.

"आमच्या घरात नाही चालत ते, तुला ठाऊक आहे. माझं एकट्याचं असतं तर..."

"रणशिंगाला ओठ लावलेत तेव्हा ते कोणाच्या ओठांचं होतं, बोडाजी? गंगाजलानं बाहेरचं धुतलंत. आतली फुंक कोणाची होती? बचनू दासापासूनची सगळी आत आहे."

तिथं आपण आहोत. एवढी माझी हकीकत.

चहा निवलाय. वाफ थांबली. वरच्या सज्ज्यांत बायका उभ्या आहेत, त्यात त्याची बायकोही आहे, नाकावर पदर. खालून काठीचा आवाज येतोय. मला घाई नाही. मी हंड्यात होतो, रॉकेलात होतो, कोंबडीखाली होतो. खुंटीवर आणखी एक पिढी काढेन. जबरसिंहाचं मन बदलावं असं मी म्हणत नाही. मन त्याचं, तो त्याचं बघेल. मला दार हवंय. समितीनं जसं सगळ्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं, तसं ह्या दारातून टाकावं. एवढंच.

त्यानं पेला उचलला. उभ्या उभ्या, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा ओठाला लावणार...

"असं नाही," सुरमा म्हणाली. "बसून. पाहुणा बसून पितो."

जबरसिंहानं वर सज्ज्याकडे पाहिलं. खाली धारेकडे पाहिलं. मग वाकला, कारण खालच्या वस्तीची दारं बुटकी आहेत आणि लग्नाची पगडी उंच. उंबरा ओलांडला. घोंगडीवर बसला. गुलाबू त्याच्या शेजारी सरकला नाही आणि लांबही झाला नाही. जबरसिंहानं चहा प्यायला, पूर्ण, तळाशी राहिलेल्या पत्तीपर्यंत.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

"निवला की कमीच लागते," सुरमा म्हणाली. "पुढच्या वेळी गरम प्या. जेवण राहिलंय अजून, ते लग्नानंतर. समिती घेऊन या."

तो काही बोलला नाही. पण नाही म्हणाला नाही, आणि हे गुलाबूनं ऐकलं, मी ऐकलं, खिडकीतल्या शिखरानं ऐकलं. घरी जाऊन चुळा भरेल तर भरो. पोटातलं कुठं काढणार?

सुरमानं हात वर केला आणि मला खुंटीवरून काढलं. सांध्यावर अंगठा फिरवला. गुलाबूनं ढोलाची दोरी खेचून कसली. तिघंही बाहेर पडताना जबरसिंह हळूच तिच्या कानाशी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच खरी भीती होती:

"सरळ माझ्याच दारात नेशील ना वरात? मध्येच... कुठं थांबणार नाहीस ना?"

सुरमानं मला खांद्यावर घेतलं.

"आज पाळी तुमची आहे, बोडाजी," ती म्हणाली. "पुढची आमची."

तिनं श्वास भरला. ओल्या लाकडाच्या सगळ्या पावसाळ्यांचा.

आता मात्र कानात बोटं घाला.